पाच आठवड्यांची पिल्लं

काचवाले काका माशांच्या टाक्या स्वतःच्या हातानं जोडायचे, म्हणून लोक त्यांना त्याच नावानं ओळखायचे. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत एका टाकीसमोर ताई थांबली.

टाकीत दीडशे एंजल मासे होते. शर्टाच्या बटणाएवढं गोल अंग, वरखाली ताठ उभे पंख, अंगावर काळे पट्टे उमटायला लागलेले. ताई काचेजवळ वाकली तसे सगळे खायला मिळेल म्हणून तिच्याकडे धावून आले.

"हे कुठले?"

"कुठले म्हणजे? तुझेच की!" काका हसले. "पोहायला लागले त्या दिवशी तूच नाही का पिशवीत भरून आणून दिलेस? आज बरोबर पाच आठवडे झाले. तुझे तर याहून मोठे झाले असतील."

"हो, झालेत की," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती माशांबद्दल खोटं बोलली होती.

एकाच जोडीची, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली तीनशे पिल्लं होती ती. काकांची टाकी रिकामी पडली होती म्हणून तिनं निम्मी त्यांना दिली आणि निम्मी स्वतःकडे ठेवली. तिची पिल्लं अजून काडीसारखीच होती. ना उंची, ना पंख. नख कापून पाण्यात टाकावं तशी दिसायची.

ताई चव्वेचाळीस वर्षांची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं सोळा वर्षं माशांची पिल्लं वाढवली होती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "दर महिन्याला तीनशे पोरं सांभाळते, आणखी कुठे संसार करू?" घरात धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ सहा फुटी, दारातून वाकून आत यायचा, तरी ताईसाठी तो छोटूच. आणि सात आठवड्यांपूर्वी त्या दोघांना मुलगी झाली होती. बारशाचं नाव मोठं होतं, पण सगळे तिला पिटू म्हणायचे.

काकांच्या दुकानातून ताई तडक शेडमध्ये आली आणि पिल्लांच्या टाकीसमोर स्टूल ओढून बसली.

पिल्लू का वाढत नाही, याची कारणं तिला पाठ होती. खाणं कमी पडलं तर वाढत नाही. पण दिवसातून पाच वेळा ती ताजी आर्टेमिया, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले ठिपक्याएवढे नारिंगी जीव, घालत होती, पिल्लांची पोटं नारिंगी फुगलेली तिला दिसत होती. गर्दी झाली तर वाढत नाही. पण काकांच्या टाकीपेक्षा तिची टाकी मोठी होती. पाणी गार असेल तर वाढत नाही. तिनं थर्मामीटर बुडवला. अठ्ठावीस, हवा तेवढाच. मोठी पिल्लं धाकट्यांचं खाणं हिसकावतात, पण इथे मोठं कुणी नव्हतंच, सगळी सारखीच खुरटलेली. एखाददुसरं पिल्लू खुजं निघालं तर ते रक्तातलं म्हणता येतं. दीडशेच्या दीडशे एकदम खुजी निघत नाहीत. आणि त्यांची सख्खी भावंडं तर ती आत्ताच पाहून आली होती.

मग आठवलं, मागच्या खेपेची पिल्लंही जरा बारीकच निघाली होती. तेव्हा तिनं थंडीवर ढकललं होतं. त्याआधीची? त्याआधीची चांगली होती बहुतेक. आता तिला खात्री वाटेना.

"पाणी घाण होत असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पिल्लांच्या पाण्यात त्यांचीच घाण साठते आणि वाढ खुंटते, म्हणून पाणी बदलत राहायचं असतं. ती रोज चौथा हिस्सा बदलायची. त्या दिवसापासून तिनं निम्मं बदलायला सुरुवात केली.

घरात त्या आठवड्यात माशांबद्दल ऐकायला कुणाला सवड नव्हती.

भावजयीला दूध पुरत नव्हतं. म्हणून पिटूला तिसऱ्या आठवड्यापासून पावडरचं दूध चालू होतं. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, पाणी उकळून घ्या. भावजय ते अगदी डोळ्यांत तेल घालून करायची. पातेलं गॅसवर ठेवून घड्याळ लावायची आणि पाणी वीस मिनिटं खळखळा उकळू द्यायची. मधे पिटूचं पोट बिघडलं, तेव्हापासून तर अर्धा तास.

जुलाब थांबले, पण पिटू काही सुधारेना. आधी बाटली तोंडात देताच चुरूचुरू ओढायची, आता चार घोट घेऊन झोपी जायची. रडली तरी तिचं रडं खोलीबाहेर जात नव्हतं. आणि तिचा रंग काही ठीक दिसत नव्हता. ओठांच्या कडेला, नखांच्या मुळाशी काहीतरी करडं, मळकट. भावजयीनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. ते पुसलं गेलं नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "आवाज तर स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण हृदयाची तपासणी करून घेऊ. गुरुवारची वेळ मिळतेय." एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी लिहिली. छोटूनं ती चिठ्ठी दोनदा घडी घालून खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. भावजय पिटूला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. ती ताईच्या हातांकडे बघत होती.

"ताई, हात असे निळे कशानं झालेत?"

"हे होय? नवीन अंडी घातलीत ना एका जोडीनं. त्यांना बुरशी लागू नये म्हणून पाण्यात निळं औषध टाकते. बाटली जरा सांडली."

"पिटूचे ओठही निळे आहेत."

ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"काल संध्याकाळी तुम्ही घेतलं होतंत तिला. तिनं तुमचं बोट तोंडात धरलं होतं."

"अगं, मी हात धुऊन..."

"धुऊन जातं का ते?"

जात नव्हतं. तीन-तीन दिवस जात नव्हतं. ताईनं बोटांकडे पाहिलं. पेरांपर्यंत गडद निळी होती.

"मी काही म्हणत नाही," भावजय म्हणाली. "पण गुरुवारपर्यंत तिला हात लावू नका. तुमच्या पाया पडते. तुम्ही त्या टाक्यांत हात घालता, औषधं घालता, कसकसले रोग असतात त्या माशांना..."

छोटू आतून आला. एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे बघत तो मधल्यामध्ये उभा राहिला. ताईला वाटलं, हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "ताई, थोडे दिवसच."

ताई मोरीत गेली. दगडानं, राखेनं, लिंबानं, जे सापडेल त्यानं तिनं हात घासले. कातडं सोलवटलं, पण निळं गेलं नाही. खरंच आपल्यामुळे झालं असेल का? एवढंसं औषध, एवढ्याशा जिवाला? तिला रागही येईना. भावजय चुकत असती तर राग आला असता. ती चुकतेय की नाही, हेच ताईला ठाऊक नव्हतं.

बुधवारी सकाळी शेडमध्ये पाहिलं तर बारा पिल्लं तळाशी मरून पडली होती. उरलेली वर येऊन श्वास घेत होती. पाणी जास्त बदलायला लागल्यापासून ती सुधारायच्या ऐवजी खंगतच चालली होती.

ताईनं फळीवरची पाणी तपासायची पेटी काढली. टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, एका बाटलीतले दहा थेंब, दुसरीतले दहा थेंब, बूच लावून हलवलं आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबली. नायट्रेट नावाचा क्षार असतो, माशांच्या घाणीतून शेवटी तोच उरतो. कमी असेल तर पाणी पिवळं राहतं, वाढला की केशरी होतं. नळीतलं पाणी रक्तासारखं लाल झालं.

एवढं पाणी बदलूनही? तिनं टाकी जवळजवळ पूर्ण उपसली, बादल्या भरून ताजं पाणी ओतलं आणि पुन्हा तपासलं. पुन्हा लाल.

मग बादलीतच नळी बुडवली. आत्ता बोअरमधून भरलेली बादली. त्यात मासा नव्हता, घाण नव्हती, काही नव्हतं. थेंब पडले. तिला पाच मिनिटं थांबावं लागलंच नाही. पाणी हातातच लाल होत गेलं. तिनं ते पाणी काकांकडच्या नळाच्या पाण्यात दहापट पातळ केलं. ते एका बाटलीत तिच्याकडे होतं. तरीही केशरी.

बोअर दीड वर्षापूर्वी अंगणात पाडलं होतं. गल्लीत सार्वजनिक नळाला जेमतेम तासभर पाणी यायचं. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी छोटू पोरासारखा भिजून नाचला होता. काचेसारखं नितळ, गोडं पाणी. वास नाही, चव नाही. घरात सगळे तेच पीत होते आणि कुणाला काही होत नव्हतं. टाकीतल्या मोठ्या माशांनाही काही होत नव्हतं. झालं होतं ते फक्त पिल्लांना.

ताईनं वळून घराकडे पाहिलं.

टाकीतलं पाणी उन्हानं आटलं की क्षार त्यात मागेच राहतात आणि पाणी आणखी जड होतं, हे ती सोळा वर्षं बघत आली होती. आता तिच्या डोळ्यांसमोर गॅसवरचं पातेलं आलं. अर्धा तास खळखळ उकळून निम्मं झालेलं.

ती नळी मुठीत धरून धावत घरात गेली. भावजय खुर्चीत बसली होती, पिटूच्या तोंडात बाटली होती. ताईनं एक शब्द न बोलता बाटली ओढून घेतली.

"ताई!" भावजय किंचाळली. "वेड लागलंय का तुम्हाला? अहो, इकडे या लवकर!"

"हे पाणी देऊ नकोस! बोअरच्या पाण्यात काहीतरी आहे. हे बघ, लाल झालं, हे बघ!"

"ती चार घोट तरी पीत होती! रात्रीपासून तिनं काही घेतलेलं नाही!"

"देऊ नकोस म्हणतेय ना मी!"

दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. आणि मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं की एवढ्या आरडाओरड्यात पिटू रडत नाहीये. भावजयीनं तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ शिसपेन्सिलीच्या टोकासारखे झाले होते. डोळे अर्धवट उघडे होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

छोटूनं गाडी कशी चालवली ते त्यालाही नंतर आठवलं नाही. मागच्या सीटवर भावजय पिटूच्या गालावर टिचक्या मारत होती, "जागी राहा गं, जागी राहा." ताई पुढे बसली होती. गाडीत बस म्हणून तिला कुणी म्हटलं नव्हतं, उतर म्हणूनही कुणी म्हटलं नाही. तिच्या मुठीत अजून ती नळी होती. आपण म्हणतो ते खरं नसेल तर? लहान माशांची वाढ खुंटवणारी गोष्ट माणसाच्या बाळाला काही करते, हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. हा सगळा तिचा अंदाज होता. आणि अंदाज चुकला, तर हे निळेपण तिच्या बोटांचंच होतं.

मोठ्या इस्पितळात पिटूला लगेच आत घेतलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावला, पायाच्या बोटाला चिमटा लावला. यंत्रावर पंच्याऐंशी आकडा आला. तरुण डॉक्टरनं ऑक्सिजन वाढवला. पंच्याऐंशी. आणखी वाढवला. पंच्याऐंशीच. आकडा तिथे खिळा ठोकल्यासारखा अडकला होता, आणि पिटूचा रंग शिशाचाच होता.

"हृदयच असणार," डॉक्टर नर्सला म्हणाला.

"डॉक्टर, एक सांगू?" ताई पुढे झाली. "आमच्या पाण्यात नायट्रेट खूप आहे. मी तपासलंय. तेच पाणी उकळून दुधाला..."

"तुम्ही कोण?"

"आत्या. मी... मी मासे वाढवते."

डॉक्टरनं तिच्याकडे, तिच्या निळ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. "जरा बाहेर थांबा."

ती बाहेर गेली नाही. दारातच उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माझी पिल्लं मेलीत त्या पाण्यानं! तुम्ही हसा मला, पण एकदा कुणालातरी विचारा!"

पलीकडच्या खाटेशी पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली. "काय म्हणालात? कसलं पाणी? बोअरचं?"

"हो. दीड वर्षाचं बोअर आहे."

"बाळ पावडरच्या दुधावर?"

"हो."

बाई भराभर जवळ आल्या. त्यांनी सुईनं पिटूचं थोडं रक्त काढलं आणि त्याचा थेंब टिपकागदावर टाकला. शेजारी नर्सच्या बोटातला एक थेंब टाकला. सगळे त्या कागदावर वाकले. नर्सचं रक्त लाल होतं. पिटूचं तपकिरी होतं, चॉकलेटसारखं. बाईंनी कागद हवेत हलवला. तपकिरी ते तपकिरीच राहिलं.

"हृदय नाही," त्या म्हणाल्या. "रक्तच ऑक्सिजन धरत नाहीये. त्या क्षारानं होतं असं, इतक्या लहान बाळांना. मोठ्यांना काही होत नाही, म्हणून कळतही नाही कुणाला. घरात कुणाला रक्ताचा काही आजार? नाही? बरं. इंजेक्शन आणा."

नर्सनं आणलेल्या काचेच्या कुपीतलं औषध गडद निळं होतं. ताईनं त्या कुपीवरचं नाव वाचलं. तिच्या फळीवरच्या बाटलीवर होतं, तेच.

भावजयीनं कुपी पाहिली, मग ताईचे हात पाहिले. "हे नको," ती पुटपुटली. मग ओरडलीच, "हे नका देऊ तिला! हे निळं नका देऊ!"

"वेळ नाही आपल्याकडे," बाई म्हणाल्या. "हेच यावरचं औषध आहे. मापात, शिरेतून. द्यायचं ना?"

छोटू भिंतीला धरून उभा होता. भावजयीनं ताईकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं, आणि त्या नजरेत फक्त भीती होती. "ताई, देऊ?"

ताईला काय माहीत? तिला अंड्यांवरची बुरशी ठाऊक होती, बाळाच्या शिरा नाही. पण कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. "दे," ती म्हणाली. त्या एका शब्दाइतकं जड तिनं आयुष्यात काही उचललं नव्हतं.

औषध हळूहळू आत गेलं. पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटं काही झालं नाही. भावजय पिटूच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी एकसारखं बोलत होती. मग कानांच्या पाळ्यांना, अगदी कडेला, रंग आला. नर्स म्हणाली, "बघा, बघा." ओठ करडे होते ते जांभळट झाले, मग गुलाबी. आणि पिटूनं तोंड वासून असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खाटेवरचं मूलही घाबरून रडायला लागलं. छोटू तिथेच फरशीवर बसला आणि पोरीबरोबर स्वतःही रडला.

थोड्या वेळानं लंगोट बदलताना तो हिरवट-निळा झालेला दिसला. भावजय दचकली. "औषध उतरतंय," नर्स हसून म्हणाली. "घाबरू नका."

ताईच्या जिवात जीव आला. तो टिकला जेमतेम पाच मिनिटं. डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "त्या भागात आणखी कुणाकडे तान्हं मूल आहे?"

ताईच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक नर्सरी होती, रोपांची. नर्सरीवाल्यांचं बोअर ताईच्या घरच्या बोअरपासून वीस पावलांवर होतं. आणि त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अठरा दिवसांचं.

ती रिक्षा करून निघाली आणि आधी शेडमधून थेंबांच्या बाटल्या उचलल्या. दुपारचे चार वाजले होते. नर्सरीवाले कुंड्यांत माती भरत होते. ताईचं ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला.

"आमच्या पाण्याला नावं ठेवता? तीस वर्षं पितोय आम्ही. ही रोपं बघा, कशी तरारलीत त्याच पाण्यावर!"

"रोपं तरारणारच हो. रोपांना हवंच असतं ते. बाळाला बाटली देता का?"

"कालपासून वरचं दूध चालू केलंय. का?"

ताईनं पुढे काही न बोलता त्यांच्या नळाखाली काचेची नळी धरली. थेंब घातले. "पाच मिनिटं थांबा माझ्यासाठी. मग हाकलून द्या."

पण पाच मिनिटं थांबावं लागलंच नाही. नर्सरीवाले आधी हाताची घडी घालून उभे होते. पाणी केशरी झालं तेव्हा घडी सुटली. लाल झालं तेव्हा त्यांची नजर आपोआप भिंतीकडे गेली. दोन्ही बोअरच्या मधे, भिंतीला लागून, शेणखताचा माणसाएवढा ढीग होता आणि त्यावर फाटक्या प्लास्टिकखाली खताच्या गोण्या. दीड-दोन वर्षं पावसाचं पाणी त्या ढिगातून झिरपून जमिनीत जात होतं.

"मीच..." ते म्हणाले आणि घरात पळाले. आतून बाटली फुटल्याचा आवाज आला.

त्यांच्या नातवाला इस्पितळात नेलं. त्याच्या रक्तात थोडाच फरक पडला होता; दोन दिवसांचंच दूध होतं. इंजेक्शन लागलं नाही. पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं येऊन दोन्ही बोअरची तोंडं बंद करून गेली. गल्लीला टँकर येऊ लागला. नर्सरीवाल्यांनी तो ढीग स्वतः फावड्यानं उपसला, गडी लावला नाही. ताईसमोर ते अजूनही मान वर करत नसत.

ताईनं काकांच्या दुकानातून नळाचं पाणी कॅन भरभरून आणलं आणि शिल्लक एकशे आठ पिल्लांना त्यात सोडलं. ती मरायची थांबली. खाऊ लागली, पोहू लागली.

महिन्याभरानं एका सकाळी भावजय शेडमध्ये आली. लग्नानंतर ती तिथे फार तर दोनदा आली होती. पिटूला तिनं ताईच्या मांडीवर ठेवलं, न विचारता, आणि टाकीजवळ जाऊन उभी राहिली.

"हीच का ती?"

"हीच."

"किती लहान आहेत हो. काकांकडची केवढी झाली असतील?"

"तळहाताच्या निम्मी."

"आता पाणी चांगलं आहे ना? मग ही पण होतील हळूहळू मोठी."

"नाही गं," ताई बोलून गेली. "पिल्लांचे पहिले काही आठवडेच महत्त्वाचे. तेव्हा राहिलं ते राहिलं. नंतर कितीही घाला..." आणि मग तिनं भावजयीचा चेहरा पाहिला.

भावजयीनं टाकीची कड धरली होती. "पिटूचेही पहिलेच आठवडे होते," ती म्हणाली.

"माशांचं वेगळं असतं."

"वेगळं म्हणजे कसं? सांगा ना. तुम्हाला माहितीये की नुसतं मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

मांडीवर पिटू स्वतःची मूठ चोखत होती. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. ती लांबीला किती, मनगट केवढं, डोकं नीट धरते की नाही. आदल्या क्षणापर्यंत गुटगुटीत दिसणारी पोर अचानक दोघींना बारकी दिसायला लागली. मागच्या आठवड्यात टोपडं सैल झालं होतं का? की ते मुळातच मोठं होतं? भावजय म्हणाली, "उद्या दाखवायचीच आहे. तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी तिघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी पिटूला उघडं करून वजनकाट्यावर ठेवलं. काट्यावरचे आकडे नाचायला लागले आणि भावजयीनं तोंड फिरवलं.

"ताई, तुम्ही बघा. मला नाही बघवत."

ताईनं डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला. सोळा वर्षं तिनं पिल्लं मोजली, मापली होती. पण तिलाही बघवेना. ती पडद्यावरच्या चित्रातले ससे मोजत उभी राहिली. शेवटी छोटूच वाकला.

"पाच किलो सहाशे."

बाईंनी कागदावरच्या वाकड्या रेषांमध्ये एक टिंब दिलं, फीत लावून लांबी मोजली, पिटूचे तळपाय दाबले, तिच्याकडे बघून जीभ बाहेर काढली. पिटू हसली. "बरोबर रेषेवर आहे," बाई म्हणाल्या. "इतके दिवस अंगात राहत नाही ते. रक्त नवीन तयार होतं, विसरून जातं. तुम्ही मात्र विसरणार नाही, दिसतंय मला. कपडे घाला, गारठेल."

भावजय अंगडं घालायला लागली, पण तिच्याकडून एक बंद काही लागेना. ताईनं तो लावला. मग तिघं बाहेर उन्हात आली. गाडीपर्यंत जाताना पिटूनं जांभई दिली, आणि तिघंही एकदम थांबून तिच्या ओठांकडे बघायला लागली.